मराठी विज्ञानकथालेखकाला मिळालेला सल्ला : विज्ञानाचा आग्रह आणि अद्भुताची उपेक्षा

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने मांडून हे टोपणनाव सिद्ध केलेले होते आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रतही दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलेली होती. ही हकीकत पुढे स्वतः नारळीकरांनीच सांगितली आणि आता ती सर्वश्रुत आहे. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात ती एक गमतीदार आठवण म्हणून येते. मात्र तिच्यात एक वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. आपली कीर्ती बाजूला ठेवून लेखन केवळ कथा म्हणून तोलले जावे, असे एका नामवंत शास्त्रज्ञाला वाटले. विज्ञानप्रसारासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या स्पर्धेत कथा कोणत्या कसोट्यांवर तोलली जाणार होती? त्या कसोट्या नव्या लेखकापर्यंत सल्ल्याच्या रूपाने कशा पोहोचल्या आणि त्या प्रवासात काय गळाले? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

‘कथा कशी लिहावी’ आणि ‘लेखक म्हणून कसे टिकावे’ हे दोन्ही प्रश्न विज्ञानकथा व अद्भुतिका लिहिणाऱ्यासाठी इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथांचा विषय झाले. मराठीत असे ग्रंथ जवळजवळ नाहीत. म्हणून सल्ला दिलाच गेला नाही असे मात्र नाही. तो संग्रहांच्या प्रस्तावनांत, परीक्षकांच्या अभिप्रायांत, परिसंवादांतील भाषणांत आणि दिवाळी अंकांच्या संपादकांच्या अपेक्षांत विखुरलेला आहे. हा विखुरलेला सल्ला एकत्र पाहिला तर त्याचा रोख एकाच दिशेचा आढळतो : कथेतील विज्ञान सच्चे असावे. कथा सच्ची कशी व्हावी याविषयी तो जवळपास मौन पाळतो आणि अद्भुतिकेला तर तो दाराबाहेरच उभी करतो. गेल्या पन्नास वर्षांत मराठीत ज्या विज्ञानकथा खरोखर टिकल्या, त्या या सल्ल्याने ज्यांना नाव दिले नाही अशा गुणांमुळे टिकल्या, हे येथील प्रतिपादन आहे.

सल्ल्याचा उगम

मराठीत विज्ञानकथा परिषदेच्या स्पर्धेपासून सुरू झाली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘केरळ कोकिळ’ या मासिकातून ज्यूल व्हर्न मराठीत आला. श्री. बा. रानडे यांची १९१५ मधील ‘तारेचे हास्य’ ही पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा मानण्याचा प्रघात आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणले. तथापि या काळात लेखकाला कोणी सल्ला देत नव्हते, कारण ‘विज्ञानकथालेखक’ ही वेगळी जातच मानली गेलेली नव्हती. ती जात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या उपक्रमांमुळे आणि मुख्यतः नारळीकरांच्या उदयामुळे तयार झाली. कोल्हापूरहून फारशा दूर नसलेल्या कराड येथे १९७५ मध्ये भरलेल्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या प्रवाहाची दखल घेतली. ते संमेलन आणीबाणीच्या संदर्भात इतके गाजले की ही दखल पुष्कळांच्या स्मरणातून गेली. वस्तुतः ललित साहित्याच्या मुख्य व्यासपीठावरून मराठी विज्ञानकथेला मिळालेली ती पहिली ठळक मान्यता होती.

नारळीकरांनी आपल्या लेखांतून आणि प्रस्तावनांतून चांगल्या विज्ञानकथेविषयी जी भूमिका वेळोवेळी मांडली, तिचा सारांश असा देता येईल. कथेचा पाया ज्ञात विज्ञानात असावा किंवा ज्ञात विज्ञानाचा तो संभाव्य विस्तार असावा. कथेत भविष्याची काही चाहूल असावी. वाचकाला विज्ञानातील आनंद कळावा आणि विज्ञानाचे समाजावर होणारे परिणामही उमगावेत. उलटपक्षी, भयकथेला विज्ञानाची झूल घालणे किंवा पृथ्वीवरच्याच लढाया अंतराळात नेऊन ठेवणे याला विज्ञानकथा म्हणू नये. या भूमिकेमागे केंब्रिजचा संस्कार आहे. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल हे स्वतः कादंबरीकार होते आणि हॉईल यांची १९५७ ची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी नारळीकर आदर्श म्हणून सांगत. एका बुद्धिमान आंतरतारकीय मेघाची ती कल्पना भौतिकीच्या अंगाने इतक्या काटेकोरपणे उभी केलेली आहे की शास्त्रज्ञ असलेल्या शिष्याला तोच मार्ग राजमार्ग वाटावा, हे स्वाभाविक होते.

ही भूमिका चुकीची म्हणता येणार नाही. प्रश्न तिच्या प्रवासाचा आहे. एका सिद्धहस्त लेखकाने आपल्या प्रकृतीला मानवणारी म्हणून सांगितलेली भूमिका पुढील पिढ्यांसाठी नियम झाली. स्पर्धेसाठी कथा पाठवणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा अभियंत्याने ती अशी वाचली : आधी एखादी वैज्ञानिक कल्पना शोधावी, तिच्याभोवती दोन-तीन पात्रे उभी करावीत, त्यांतील एक प्राध्यापक असावा आणि शेवटच्या दोन पानांत त्याने सर्व उलगडा करावा. महाविद्यालयीन वार्षिकांकांसाठी आलेल्या विज्ञानकथा ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना या साच्याची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

पाश्चात्त्य सल्ल्याची घडण तपासली तर फरक लक्षात येतो. जॉन कॅम्बेल १९३७ पासून ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक होते आणि त्यांच्याकडून लेखकाला थेट पत्रातून सूचना मिळत. रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात लेखनाच्या धंद्याचे पाच नियम सांगितले. लिहावे, लिहिलेले पुरे करावे, संपादकाने मागितल्याखेरीज पुनर्लेखनात वेळ दवडू नये, कथा बाजारात पाठवावी आणि विकली जाईपर्यंत पाठवत राहावी, असा त्यांचा आशय आहे. त्यांत विज्ञानाचा उल्लेखही नाही, हे चटकन ध्यानात येते. ज्या समाजात शब्दाला ठरावीक दर देणारी डझनभर मासिके होती, त्या समाजाचा तो सल्ला आहे. पुढे १९६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील क्लॅरियन स्टेट कॉलेजात रॉबिन स्कॉट विल्सन यांनी सुरू केलेल्या कार्यशाळेत सहा आठवडे लेखकच नवोदितांना शिकवू लागले. एका लहानशा महाविद्यालयात हा उपक्रम उभा राहिला, ही बाब आपल्याकडील भाषाविभागांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठीत सल्ला देणारा प्रायः शास्त्रज्ञ किंवा विज्ञानप्रसारक होता. तिकडे तो संपादक आणि लेखक होता.

बंगालीचे उदाहरण आणखी जवळचे. तेथे अद्रीश बर्धन यांनी १९६३ मध्ये ‘आश्चर्य’ हे मासिक काढले आणि या वाङ्मयप्रकारासाठी ‘कल्पविज्ञान’ हा शब्द रूढ केला. मराठीने ‘विज्ञानकथा’ हा शब्द पत्करला. एका नावात कल्पना अग्रस्थानी, दुसऱ्यात विज्ञान. नाव ठेवतानाच अर्धा सल्ला देऊन झालेला असतो.

गंगाधरपंतांची बखर

सल्ला आणि निर्मिती यांतील अंतर पाहण्यासाठी नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्यावी. मराठी विज्ञानकथांत हिची लोकप्रियता असाधारण आहे. ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात गेले आणि देशभरातील विद्यार्थ्यांनी ते वाचले. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात की जेथे १७६१ च्या पानिपतात मराठ्यांचा जय झालेला आहे. परतल्यावर त्यांचे शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे त्यांना कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त आणि पुंजयामिकी यांच्या आधारे त्या अनुभवाचा अर्थ लावून देतात.

परिषदेच्या कसोटीने पाहिले तर कथेचा कणा देशपांड्यांच्या विवेचनात आहे. ते काढून टाकले तर ती ‘विज्ञानकथा’ उरत नाही. पण वाचकाच्या मनात काय उरते? बखरीचे फाटके पान उरते. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या पानावर कानाला चाटून गेलेली असते. मराठी वाचकाच्या सामूहिक स्मृतीत पानिपतची जखम कोठे आहे हे ओळखून लेखकाने नेमके तेथेच बोट ठेवले आहे. एका गोळीने तसूभर दिशा बदलावी आणि दोन शतकांचा इतिहास बदलावा, ही कल्पना गणिताच्या आधीच वाचकाला पटलेली असते. कारण ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रचार तो लहानपणापासून वापरत आलेला असतो. दुसरे उरते ती अध्यक्षाची रिकामी खुर्ची. शेकडो सभांची अध्यक्षस्थाने भूषविलेल्या गंगाधरपंतांना व्यासपीठावर रिकामी खुर्ची दिसते आणि त्यांना राहवत नाही. त्या जगात अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार हे सारे कालबाह्य झालेले असते आणि श्रोते त्यांची जी संभावना करतात ती वाचून हसू येते. मराठी सभाजीवनाची एवढी नेमकी टिंगल ललित लेखकांनीही क्वचितच केली असेल. पर्यायी जगाची खूण पटवून देण्यासाठी लेखकाने येथे यंत्रे किंवा उंच इमारती वापरलेल्या नाहीत. त्याने सभेचा एक शिष्टाचार काढून घेतला आहे.

जगाची उभारणी कशी करावी याचा याहून चांगला पाठ मराठीत सापडणे अवघड. जग बदलले आहे हे सांगण्यासाठी सगळे बदलू नये. वाचकाच्या हाताच्या सवयीची एक वस्तू जागेवरून हलवावी. नारळीकरांनी हा पाठ दिला तो कथेतून. त्यांच्या सल्ल्यात तो कोठेही ठळकपणे येत नाही. उलट, ज्या भागात सल्ल्याचे काटेकोर पालन झाले आहे तो देशपांड्यांचा उलगडा हा कथेचा सर्वांत निर्जीव भाग आहे. दोन सुशिक्षित गृहस्थ बोलत बसतात, एक विचारतो, दुसरा सांगतो. वर्गात ही कथा शिकवताना विद्यार्थ्यांचे लक्ष नेमके येथे सुटते, असा अनुभव अनेक प्राध्यापक सांगतील. ‘धूमकेतू’ या कथेतही असेच घडते. तीत वैज्ञानिक उपाय जितका तपशिलाने येतो त्याहून, घरात यज्ञाच्या फलश्रुतीवर असलेला अढळ विश्वास हा भाग अधिक बोलका ठरतो, कारण तेथे लेखक शिकवत नाही, पाहतो.

नामकरणाचा पेच

मराठी विज्ञानकथालेखकापुढे इंग्रजी लेखकापुढे नसलेली एक अडचण असते. कथेच्या आधी त्याला शब्द घडवावा लागतो. ‘ब्लॅक होल’ या साध्या, बोलीतल्या शब्दजोडीसाठी मराठीत ‘कृष्णविवर’ आले. मूळ शब्दात काळे भोक एवढेच आहे. ‘कृष्ण’ आणि ‘विवर’ हे दोन्ही शब्द मात्र आपल्याबरोबर पुराण आणि पाताळ घेऊन येतात. शीर्षक वाचणाऱ्याला भौतिकीचा गंधही नसला तरी काहीतरी खोल, गूढ आणि गिळणारे असे चित्र त्याच्या मनात तयार होते. ‘यंत्रमानव’, ‘अंतराळ’, ‘अग्निबाण’, ‘विमान’ हे शब्दही असेच वारसा घेऊन आलेले आहेत. परिभाषाकोश तयार करणाऱ्याला हा वारसा अडचणीचा वाटतो, कारण त्याला अर्थ एकेरी हवा असतो. कथाकाराला तो वरदान ठरतो. शब्द कधी घडवावा, कधी इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, आणि पात्राच्या तोंडी कोणता व निवेदकाच्या तोंडी कोणता, याविषयी नव्या लेखकाला कोणी काही सांगितलेले नाही. परिणामी एका बाजूला कथेत कोणीही बोलणार नाही असे संस्कृतप्रचुर संवाद येतात आणि दुसऱ्या बाजूला निम्मे वाक्य इंग्रजी असलेले निवेदन येते.

शीर्षकांकडे पाहावे. नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘वामन परत न आला’, ‘उजव्या सोंडेचा गणपती’. बाळ फोंडके यांचे ‘कर्णपिशाच्च’. सुबोध जावडेकर यांचे ‘वामनाचं चौथं पाऊल’. शुभदा गोगटे यांची ‘यंत्रायणी’. विज्ञानाशी इमान राखण्याचा आग्रह धरणाऱ्या परंपरेची ही नावे यक्ष, असुर, वामन आणि पिशाच्च यांनी भरलेली आहेत. याला केवळ आकर्षक शीर्षकांची युक्ती म्हणून सोडून देता येत नाही. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत मानवाने बनवलेल्या यंत्रमानवाचे नाव वामन ठेवले जाते, त्या क्षणी मराठी वाचकाला पुढचे भय समजते. लहानखुरा बटू तीन पावले मागतो आणि तिसरे कोठे पडते हे त्याला ठाऊक असते. बळीच्या कथेने अर्धे काम केलेले असल्यामुळे लेखकाला धोक्याची पूर्वसूचना द्यावी लागत नाही. अद्भुताला विज्ञानकथेच्या व्याख्येबाहेर ठेवणारा सल्ला आणि अद्भुताच्या आधारावाचून एक पाऊलही न टाकणारी निर्मिती, असा हा अंतर्विरोध आहे. मराठी समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही. जावडेकरांच्या शीर्षकात तर पुराणात नसलेले चौथे पाऊल येते. मिथकाचा विस्तार करण्याची ही रीत विज्ञानकथेची म्हणावी की अद्भुतिकेची, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे.

अद्भुतिकेला वाली नाही

मराठी कादंबरीचा आरंभच अद्भुतरम्यतेत झाला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीनंतर वास्तववाद हीच प्रौढत्वाची खूण ठरली आणि अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात आणि फावल्या वेळच्या वाचनात झाली. नाथमाधवांचा ‘वीरधवल’ पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला, तथापि वाङ्मयेतिहासात त्याच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या. कोल्हापुरात तरी ही विस्मृती व्हावयास नको होती. प्रभात फिल्म कंपनीने पुण्यास जाण्यापूर्वी येथेच १९३२ मध्ये ‘माया मच्छिंद्र’ काढला. पडद्यावर माया कशी घडवावी, याचा विचार या शहरातील कारागीर रंग, प्रकाश आणि कॅमेरा यांच्या भाषेत करीत होते. साहित्यात तो विचार झाला नाही.

याचा सर्वाधिक फटका नारायण धारपांना बसला. धारपांनी (१९२५–२००८) ‘समर्थ’ मालिका लिहिली, ‘नेनचिम’सारखी विज्ञानकादंबरी लिहिली, भयकादंबऱ्या डझनावारी लिहिल्या. ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर आणि ‘शपथ’ ही त्यांच्याच ‘इट’वर बेतलेली आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. या ऋणाचा विचार वाङ्मयीन प्रामाणिकपणाच्या दृष्टीने अवश्य व्हावा. मात्र त्यापुढचा प्रश्न कसबाचा आहे. रक्तपिपासू पिशाच्चाची पाश्चात्त्य कल्पना ख्रिस्ती श्रद्धेवर उभी असते. ती मराठी गावात आणताना पिशाच्चाला अडवणारी शक्ती कोणती, उंबरठ्याचा अर्थ काय, गावकरी कोणावर विश्वास ठेवतील, हे सारे नव्याने रचावे लागते. हे रचणे म्हणजेच अद्भुतिकेचे शिल्प. धारपांनी ते दीर्घकाळ केले, पण त्याविषयी त्यांना कोणी विचारले नाही. विज्ञानकथेच्या सल्लागारांनी भयकथा वर्ज्य ठरवली होती आणि ललित समीक्षकांनी ती वाचनालयाच्या कपाटात ठेवून दिली होती. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटानंतर धारपांच्या नावाची चर्चा सुरू झाली, तीही प्रथम चित्रपटप्रेमींत.

जे. आर. आर. टॉल्किन यांचा परीकथांवरील निबंध १९४७ मध्ये, म्हणजे हाइनलाइनच्या नियमांच्याच वर्षी, ग्रंथरूपाने आला. निर्मित जगाला अंतर्गत सुसंगती असली पाहिजे आणि ती असेल तर वाचक त्या जगात शिरल्यावर तेथील नियमांवर विश्वास ठेवतो, असे त्यांचे म्हणणे. अर्सुला ले ग्विन यांनी १९७३ मध्ये असा आग्रह धरला की अद्भुतिकेची खरी परीक्षा तिच्या भाषेत होते. मंत्रालयातील कारकुनासारखे बोलणारे पात्र राजवस्त्रे घातली तरी त्या जगातले होत नाही. (ही उपमा अर्थातच येथली आहे, आशय त्यांचा.) मराठी लेखकाला हे दोन्ही सल्ले थेट उपयोगी पडतात. विशेषतः दुसरा, कारण मराठीत अद्भुताची भाषा शोधायला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. बखर, लीळाचरित्राचे गद्य, कहाणी, आख्यान, गोंधळ्यांचे निवेदन या सर्वांत अद्भुत सांगण्याच्या अत्यंत साध्या व ठाशीव रीती आहेत. श्रावणातल्या कहाण्यांत देव घरी येतो तेव्हा निवेदक आश्चर्यचिन्ह वापरत नाही.

विस्मयाचे शास्त्र

मराठी विभागांत साहित्यशास्त्राच्या तासाला भरताचा रससिद्धान्त शिकवला जातो आणि अद्भुतरसाचा स्थायी भाव विस्मय, एवढे उत्तर विद्यार्थी पाठ करतो. नाट्यशास्त्रात अद्भुताचे विभाव सांगताना दिव्य व्यक्तींचे दर्शन, इष्ट मनोरथाची प्राप्ती, विमान, माया, इंद्रजाल यांची गणना केलेली आहे. अनुभाव म्हणून डोळे विस्फारणे, टक लावून पाहणे, रोमांच, अश्रू, स्वेद, साधुवाद यांची यादी येते. ही यादी परीक्षेपुरती न ठेवता लेखनाच्या सल्ल्याप्रमाणे वाचली तर एक सूत्र हाती लागते. अद्भुत वस्तूचे वर्णन हा विभाव झाला, परंतु रसनिष्पत्तीसाठी ती पाहणारा माणूस लागतो. विस्मय पाहणाऱ्याच्या देहात दिसतो.

मराठी विज्ञानकथेचा नायक बहुतेक वेळा असा पाहणारा नसतो. तो जाणकार असतो. त्याला आश्चर्य वाटत नाही, तो समजावून सांगतो. त्यामुळे विभाव कितीही भव्य असला तरी अनुभाव येत नाही आणि कथा माहितीपर होते. गंगाधरपंत याला अपवाद ठरतात. ते भौतिकीचे जाणकार नाहीत, इतिहासाचे आहेत. आपल्याच विषयात त्यांना विस्मयाचा धक्का बसतो आणि तो ग्रंथालयात पुस्तक उघडताना त्यांच्या वागण्यातून दिसतो. नवोदित लेखकाला एकच सूचना द्यायची झाली तर ती अशी द्यावी की कथेचा दृष्टिकोन शास्त्रज्ञाकडे सोपवण्यापूर्वी त्याने पुन्हा एकदा विचार करावा. अरुण साधूंची ‘विप्लवा’, लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ अशा कृती या दृष्टीने पुन्हा वाचल्या तर विज्ञान कोण सांगतो आणि कोण सोसतो, हा भेद अभ्यासकाला नवे काही दाखवू शकेल.

उपजीविकेचा प्रश्न

कसबाविषयी त्रोटक सल्ला होता, व्यवसायाविषयी तर नव्हताच. नारळीकर संशोधनसंस्थेत होते, फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि पुढे विज्ञानपत्रकारितेत. कथालेखन ही त्यांच्यासाठी उपजीविका कधीच नव्हती. नारळीकरांनी आपली पहिली कथा अहमदाबादेत एका परिसंवादात रटाळ व्याख्यान चालू असताना लिहायला घेतली, असे ते सांगत. या आठवणीतील विनोद बाजूला ठेवला तर ती व्यवसायाचे वास्तव सांगते : विज्ञानकथा नोकरीच्या वेळेतून चोरलेल्या तासांत लिहिली गेली. रत्नाकर मतकरी यांच्यासारख्या गूढकथाकारानेही अनेक वर्षे बँकेत नोकरी केली आणि नंतरच्या पूर्णवेळ लेखनाला रंगभूमीची जोड होती.

मराठीत विज्ञानकथेला वाहिलेले, दर महिन्याला निघणारे आणि मानधन देणारे नियतकालिक टिकले नाही. अनंत अंतरकरांनी सुरू केलेला ‘नवल’, तसेच ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी या प्रकाराला जागा दिली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. त्याला ठरावीक पानांची, एका बैठकीत वाचून होणारी, शेवटी कलाटणी घेणारी कथा हवी असते. संपादकाकडे कथा परत पाठवून दुरुस्त्या सुचवण्यास वेळ नसतो. कथा एक तर छापली जाते किंवा तिच्याविषयी काही कळत नाही. हाइनलाइनचा तिसरा नियम अशा ठिकाणी निरर्थक ठरतो, कारण पुनर्लेखन मागणारा संपादकच भेटत नाही. एका कल्पनेवर उभी असलेली, दहा-बारा पानांत संपणारी कथा हाच मराठी विज्ञानकथेचा प्रधान आकार का झाला आणि विस्तृत जग उभारणारी कादंबरी विरळा का राहिली, याचे उत्तर लेखकांच्या प्रतिभेपेक्षा या व्यवहारात शोधावे लागते. हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीवर कादंबरीची तीन वर्षे कोण खर्च करील?

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, तरी त्यांच्या आत्मचरित्रातील चार नगरे वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथील ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर आलेल्या बहुसंख्य श्रद्धांजलीपर लेखांत विज्ञानप्रसारक म्हणून त्यांचा गौरव झाला. कथाकार म्हणून त्यांच्या शैलीची, विनोदाची, पात्ररचनेची चिकित्सा फार थोड्यांनी केली. त्यांनी जो सल्ला दिला त्याच मापाने त्यांना मोजले गेले.

सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिका आता अनेक विद्यापीठांच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आहेत. त्यांत विज्ञानकथेचा घटक असल्यास तो बहुधा व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये या क्रमाने शिकवला जातो आणि विद्यार्थ्याच्या हाती पुन्हा तीच वही पडते. त्याऐवजी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधील उलगड्याचा भाग वगळून उरलेली कथा विद्यार्थ्यांना द्यावी आणि शेवट त्यांना लिहावयास सांगावा. त्याच सत्रात धारपांची ‘लुचाई’ तिच्या मूळ इंग्रजी कादंबरीशेजारी ठेवून वाचावी आणि गाव, देव, भय यांपैकी धारपांनी काय बदलले याची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. या दुसऱ्या कामासाठी पुस्तक मिळवताना अडचण येण्याचा संभव आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयांत धारप अभावानेच आढळतात. शहरातील जुन्या वर्गणीच्या वाचनालयांत चौकशी केली तर हाताळून सैल झालेल्या बांधणीची एखादी प्रत अद्याप मिळू शकेल.